माझ्यासाठी ठेवलेला वेगळा वाडगा

खोली बघायला गेले तेव्हा दार उघडणाऱ्या बाईंनी सगळ्यात आधी माफी मागितली. नाकासमोर हाताने वारा घालत त्या तुटक इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "वास येतो. सॉरी. चालेल तुम्हाला?" आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी स्वयंपाकघराची खिडकी उघडली. बाहेर कॅनडातल्या बर्नाबीचा नोव्हेंबरचा पाऊस लागला होता. ओट्यावर पाणी उडायला लागलं तरी त्यांनी खिडकी लावली नाही.

शेगडीवर एक काळं मातीचं भांडं रटरटत होतं. त्यात आंबवलेल्या सोयाबीनचा गोळा विरघळवलेला होता, आणि रस्सा सुक्या मासोळीचा होता. हे सगळं मला पुढे कळलं. त्या वेळी एवढंच कळलं की वास अनोळखी आहे, पण त्याच्या तळाशी काहीतरी ओळखीचं आहे.

त्यापेक्षा जास्त ओळखीचा होता तो नाकासमोर हलणारा हात. अमरावतीला आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. आई सुकट भाजायची ती समोरच्या बिऱ्हाडाच्या दाराला कुलूप आहे याची खात्री करून. खिडक्या लावायची, उदबत्ती लावायची, आणि एवढं करून जेवताना तिचं अर्धं लक्ष दाराकडे असायचं. कोणी आलंच तर दार उघडायच्या आधी ती असाच हात हलवायची, जणू हाताने वास घालवता येतो.

"चालेल," मी म्हणाले. "मला आवडतो हा वास."

त्यांचा विश्वास बसला नाही. तरी खोली मला मिळाली.

मी तेव्हा तिथल्या टेकडीवरच्या युनिव्हर्सिटीत मास्टर्सला होते. आल्याआल्या एका बेसमेंटमध्ये दोन मराठी मुलींबरोबर राहत होते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जागा मिळाली होती, आणि तिथे स्पष्ट लिहिलं होतं, किचन व्हेज ओन्ली. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. परक्या देशात मराठी बोलायला मिळेल, एवढंच डोक्यात होतं. मुली चांगल्या होत्या. बँकेत खातं उघडायला त्याच माझ्यासोबत आल्या, बसचं कार्ड कसं टॅप करायचं तेही त्यांनीच दाखवलं. पहिल्या आठवड्यात एकीने सहज विचारलं, तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा असतो? मी म्हणाले, आमच्याकडे नसतो. ती "अच्छा" म्हणाली आणि पोळ्या लाटायला लागली. बोलणं तिथेच संपलं.

त्यानंतर काय झालं हे मला धड सांगता येत नाही, कारण काही झालंच नाही. फक्त मला वाटायला लागलं की कान तुटलेला एक निळा मग नेहमी माझ्यासाठीच उरतो. रॅकवर इतर मग असायचे, मी ते घेतले असते तर कोणी हात धरला नसता. पण मी घेत नव्हते. मी निळा घ्यायचे आणि बघायचे, त्या बघतात का. माझं ताट ओट्यावर राहिलं तर ते तसंच राहायचं, त्यांची एकमेकींची मात्र धुतलेली दिसायची. खरंच तसं होतं, की मला तसं दिसत होतं? आज विचार केला तरी मी ठामपणे सांगू शकत नाही. पण लायब्ररीतून घरी निघायची वेळ झाली की मी आणखी एक प्रकरण वाचत बसायचे. शेवटी मी जागा बदलायचं ठरवलं. त्यांना सांगितलं की युनिव्हर्सिटीच्या बसला ही जागा लांब पडते. त्यांनी सामान उचलायला मदत केली.

मी खोली घेतली त्या कोरियन घरात तिघंजण होते. घरमालकीण, साठीच्या आतबाहेरच्या, एका कोरियन ग्रोसरीत तयार भाज्यांच्या काउंटरवर काम करायच्या. त्यांचे यजमान, जे घरांची प्लंबिंगची कामं करायचे आणि फार कमी बोलायचे. आणि यजमानांची आई, खूप म्हाताऱ्या, इंग्लिशचा एक शब्द न येणाऱ्या. मालकिणीने पहिल्याच दिवशी सांगितलं की मला 'इमो' म्हण. इमो म्हणजे आईची बहीण. मी मनातल्या मनात त्यांना मावशी म्हणायला लागले, आणि मग यजमान आपोआप काका झाले, आणि त्या आजी.

पण किचन वापरायची माझी हिंमत होईना. मावशींनी फ्रिजमधला एक कप्पा रिकामा करून दिला होता. मी तिथे दूध आणि केळी ठेवली, आणि ब्रेड खोलीत नेला. फोडणी दिली तर हिंगाचा वास घरभर होईल, मोहरी उडेल, कोणी काही म्हणणार नाही पण खिडकी उघडेल. कोणी खिडकी उघडेल या भीतीने मी कित्येक दिवस ब्रेडवर काढले. पोट दुखायला लागलं. वॉक-इन क्लिनिकमधल्या डॉक्टरने अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या आणि विचारलं, काही स्ट्रेस आहे का? मी परीक्षेचं नाव सांगितलं.

मावशींच्या हे लक्षात आलं. एका रविवारी चर्चमधून आल्यावर त्यांनी माझं दार वाजवलं आणि म्हणाल्या की तू शेगडी कधी पेटवतच नाहीस. तू काय खातेस? मी म्हणाले, बाहेर खाते. त्यांनी माझ्या टेबलावरच्या ब्रेडकडे बघितलं. मग म्हणाल्या, आज इथे जेव.

त्या संध्याकाळी मी जेवायला बसले ती परीक्षेला बसावं तशी. आधी युट्यूबवर बघून घेतलं होतं. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने चमचा उचलल्याशिवाय आपण उचलायचा नाही. भाताचा वाडगा हातात उचलून घ्यायचा नाही, तो टेबलावरच ठेवायचा. चमचा भातात उभा खोचायचा नाही, ते मेलेल्यांसाठी असतं. मोठ्यांनी काही दिलं तर दोन्ही हातांनी घ्यायचं. मी हे सगळं मनात घोकत होते. टेबलावर लहानलहान बशा मांडल्या होत्या: कोबीची लाल, आंबवलेली किमची, पालकासारखी एक भाजी तिळाच्या तेलात, मोड आलेल्या सोयाबीनची कोशिंबीर म्हणावी असं काहीतरी, आणि नखाएवढ्या सुक्या मासोळ्या गोडसर परतलेल्या. प्रत्येकापुढे स्वतःचा भात. आणि मध्यभागी ते काळं भांडं, अजून उकळत असलेलं.

आजींनी चमचा उचलला. सगळे एक वाक्य पुटपुटले, मीही पाठ केलेलं पुटपुटले. काकांना हसू आलं, बहुधा माझा उच्चार चुकला. मग आजींनी तो चमचा सरळ मधल्या भांड्यात घातला, रस्सा तोंडात घेतला, आणि तोच चमचा पुन्हा भांड्यात. त्यांच्यामागून काकांनी. मग मावशींनी. डाव नव्हता, पळी नव्हती. तीन चमचे एका भांड्यात जात होते आणि तीन तोंडांत जात होते.

माझा हात टेबलावरच राहिला. मी घालायचा का माझा चमचा? घातला तर हे पुढे खातील का? हा प्रश्न माझ्या डोक्यात इतका पटकन आला की तो माझा आहे असंसुद्धा वाटलं नाही. तो माझ्या आजोबांचा होता, ज्यांना शाळेत पाणी वरून ओंजळीत ओतलं जायचं. आमच्या घरात ही गोष्ट कोणी रडत सांगत नव्हतं. जेवताना, मीठ मागावं तशी मध्येच सांगितली जायची. पण ती ऐकत मी मोठी झाले होते.

मावशींनी माझा थांबलेला हात बघितला. त्या चटकन उठल्या, कपाटातून एक पांढरा वाडगा आणि डाव काढला, रस्सा वाढला आणि वाडगा माझ्यापुढे ठेवला. "सॉरी," त्या म्हणाल्या. "मी विसरले. इंडियन लोकांना वेगळं लागतं."

त्यांच्याकडे पूर्वी एक भारतीय मुलगा भाड्याने राहून गेला होता. त्याने सांगितलं होतं की आमच्यात एकमेकांच्या भांड्यातलं खात नाहीत. मावशींनी ते लक्षात ठेवलं होतं. त्यांच्या मनात निव्वळ चांगुलपणा होता, हे मला दिसत होतं. मी दोन्ही हातांनी वाडगा जवळ घेतला आणि थँक यू म्हणाले. रस्सा खारट, दाट होता, आत टोफू आणि दुधीसारखी काहीतरी भाजी. तो मला खूप आवडला, आणि तरी लवकर संपावा असं वाटत होतं.

पुढे मी रोजच त्यांच्यासोबत जेवायला लागले. मावशींनी तसं सांगूनच टाकलं, आणि मी भांडी घासायचं काम अंगावर घेतलं. जेवण बदलायचं. कधी किमचीचाच रस्सा, कधी मऊ टोफूचा तिखटजाळ, कधी समुद्री शेवाळाचं सूप. फक्त पांढरा वाडगा रोज तोच. मी स्वयंपाकघरात यायच्या आधीच तो माझ्या जागेवर मांडलेला असायचा. मी मनात वाक्यं जुळवायचे. मला वाडगा नको. मला तुमच्याबरोबर खायचंय. तो मुलगा म्हणाला ते खरं आहे पण माझ्याबद्दल खरं नाही. प्रत्येक वाक्यानंतर पुढचा प्रश्न दिसायचा, का? आणि त्या 'का'चं उत्तर मोडक्या इंग्लिशमध्ये, सोया सॉसच्या बाटलीसमोर बसून मी कसं देणार होते? आणि दिलं, तर त्यांना आत्तापर्यंत जे माहीत नव्हतं ते माहीत होणार होतं. या घरात मी फक्त इंडियन होते. ते सुख मी स्वतःच्या तोंडाने घालवायचं?

त्यातच एका जेवणात आजींनी भाजलेल्या माशाचा काटा आपल्या चॉपस्टिक्सनी हळूहळू काढला, आणि तो मऊ तुकडा माझ्या भातावर ठेवला. त्याच चॉपस्टिक्स क्षणापूर्वी त्यांच्या तोंडात होत्या. मला माया दिसली, आणि त्याच वेळी अंगावर काटा आला. मी तुकडा खाल्ला. पण तो काटा कशाचा होता, हे मी त्या दिवशी स्वतःला विचारलं नाही.

वाक्य तोंडातून निघालं ते भलत्याच वेळी. मावशी सुट्टीच्या दुपारी मोड आलेल्या सोयाबीनच्या शेपट्या खुडत बसल्या होत्या. मी मदतीला बसले. त्यांनी विचारलं, तुझ्या घरी कोण करतं हे असलं निवडणं? मी म्हणाले, आई, ती शाळेत शिक्षिका आहे, शाळेतून आल्यावर करते. आणि मग एकदम म्हणाले, "इमो, मला वेगळा वाडगा नको."

त्यांचा हात थांबला. "का? स्वच्छ नसतो?"

"स्वच्छ असतो. पण आमच्याकडे..." मी थांबले. मग सांगितलं. आमच्या देशात काही लोकांना वेगळं भांडं द्यायचे. आपल्या भांड्याला त्यांचा हात लागू नये म्हणून. माझे आजोबा त्या लोकांतले. माझे वडीलही. मी पण. बोलताना मी त्यांच्याकडे बघत नव्हते, शेपट्या खुडत होते, आणि चांगले मोडही खुडून टाकत होते.

मावशींनी मोडांची टोपली आपल्याकडे ओढली. मग त्यांनी विचारलं, रंग वेगळा असतो का? मी म्हणाले, नाही. मग कसं ओळखतात? मी म्हणाले, आडनावावरून. गावावरून. घरी गणपती बसतो का यावरून.

"आमच्याकडेपण होते," त्या शेवटी म्हणाल्या. "माझ्या आजीच्या लहानपणी. गुरं कापणारे लोक. गावाबाहेर राहायचे. आजी सांगायची, त्यांच्यातला म्हातारा माणूससुद्धा तिच्याशी, एवढ्याशा मुलीशी, वाकून आणि मान देऊन बोलायचा. तिला तेव्हा गंमत वाटायची."

त्या हसल्या नाहीत. मी पण नाही. मला कळलं की त्या मला आपल्या बाजूची गोष्ट सांगताहेत, आणि ती बाजू माझी नाही. ओंजळीवर पाणी ओतणाऱ्या कोणाची तरी नातही असंच काहीतरी सांगू शकली असती. मी विचारलं, आता? त्या म्हणाल्या, आता कोण कोण होतं ते कुणालाच माहीत नाही. मग टोपली उचलून त्या सिंककडे गेल्या, आणि नळ सोडल्यावर, माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "मी वाईट केलं का?"

मी नाही म्हणाले. पण नळाच्या आवाजात ते त्यांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

त्यानंतर एक-दोन दिवस मावशी जेवणाच्या वेळी दिसल्याच नाहीत. टेबलावर माझ्यासाठी झाकून ठेवलेलं असायचं, काका आणि आजी आधीच जेवलेले असायचे. माझी खात्री झाली की सगळं संपलं. मी बोलायला नको होतं. आता त्या मला टाळताहेत, आता दुसरी खोली शोधावी लागणार. मी फोनवर जागांच्या जाहिराती बघायला सुरुवातही केली. मग काकांनी, त्यांना जेवढं इंग्लिश येत होतं तेवढ्यात, सांगितलं की दुकानातली एक बाई आजारी आहे, म्हणून मावशी तिची शिफ्ट करताहेत. एवढंच होतं. माझा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण पडला नाही. त्या येतील तेव्हा काय, ही नवी काळजी सुरू झाली.

त्या आल्या. मी टेबलाशी गेले तर माझ्या जागेवर भात होता, चमचा होता, चॉपस्टिक्स होत्या. वाडगा नव्हता. काकांनी कोरियनमध्ये काहीतरी विचारलं, मावशींनी एका शब्दात उत्तर दिलं. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि मधलं भांडं जरासं माझ्या बाजूला सरकवलं.

आजींनी चमचा घातला. मग काका, मग मावशी. मग सगळे आपापला भात खाऊ लागले, माझ्याकडे मुद्दाम न बघता. आणि मी, इतके दिवस याचीच वाट बघितलेली मी, त्या भांड्याकडे बघत होते. आजींच्या चमच्यावरून एक भाताचं शीत रश्श्यात पडलं होतं आणि उकळ्यांबरोबर फिरत होतं. मला किळस आली.

उष्टं. आईने आम्हा भावंडांना एकमेकांच्या पेल्यातलं पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. आमच्या घरातली भांडी क्वार्टरमधल्या कुठल्याही घरापेक्षा लख्ख असायची. फरशी दोनदा पुसली जायची. पाहुणे आले की चादरी बदलायच्या. लोकांना निमित्त मिळता कामा नये, ती म्हणायची. आपण जास्त स्वच्छ राहायचं. त्या स्वच्छतेत मी इतकी मुरले होते की आता माझ्यासाठी जागा केलेल्या भांड्यात माझाच हात जाईना. ज्यांनी आम्हाला बाहेर ठेवलं त्यांचा एक नियम माझ्या बोटांत बसलेला होता, आणि तो मी आईच्या मायेतून शिकले होते.

कढ विरायला लागला होता. आणखी थांबले असते तर मावशी पुन्हा कपाटाकडे गेल्या असत्या. मी चमचा घातला. टोफूचा तुकडा आला, सोबत रस्सा. घाईत तसाच तोंडात घातला आणि टाळू भाजली. डोळ्यांत पाणी आलं.

"गरम आहे," मावशी म्हणाल्या. "फुंकून खा."

आजींनी पुढचा चमचा घातला, माझ्या चमच्यामागोमाग, त्याच बाजूला. मी ते नीट बघितलं. जेवण संपेपर्यंत प्रत्येक वेळी बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी आईला फोनवर हे सांगितलं. आधी ती हसली, अख्ख्या घराचं एकच भांडं, म्हणून. मग मी पुढचं सांगितलं, मावशींना मी काय बोलले तेही. तिने मागचा टीव्ही बंद केला.

"मंग? तू चमचा घातल्यावर काय म्हणाले ते?"

"काही नाही. गरम आहे म्हणाल्या."

"अन् खाल्लं त्यांनी नंतर?"

"खाल्लं."

मग म्हणाली, "चमचा धुतलेला होता ना तुझा?"

मी हो म्हणाले. माझा आवाज बदललेला तिला कळू नये म्हणून लगेच बाबांच्या बीपीचं विचारलं.

डिग्री होईपर्यंत मी त्याच घरात राहिले. फोडणी द्यायला लागले. मावशींना हिंगाचा वास अजिबात आवडला नाही, त्यांनी तसं तोंडावर सांगितलं आणि खिडकी उघडली. आणि मला आश्चर्य वाटलं की त्या उघड्या खिडकीने मला काही झालं नाही. माझी वरणफळं आजींना आवडली, कारण दात नसतानाही खाता येत होती. किळस एकदम गेली नाही. कमी होत गेली, आणि काही दिवशी परत यायची, विशेषतः काकांना सर्दी असली की.

नोकरी मिळाली ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, ऑंटारिओतल्या केंब्रिजमध्ये, एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात. इथे आमच्या लोकांची एक संस्था आहे, एप्रिलमध्ये जयंतीला सगळे जमतात, बहुतेक नोकरदार, मुलं इंग्लिशमध्येच उत्तर देणारी. तिथे मला कोणाला काही सांगावं लागत नाही. बाहेर मात्र लागतं. गेल्या हिवाळ्यात ऑफिसमधल्या एका मराठी बाईने जेवायला बोलावलं. तिने फोनवर पत्ता सांगितला, पार्किंग कुठे करायचं ते सांगितलं, आणि ती ठेवणार इतक्यात मी म्हणाले, "एक सांगते ताई, आम्ही बौद्ध आहोत. आणि मी सगळं खाते."

मी फोन घट्ट धरून उभी होते.

"बरं," ती म्हणाली. "तिखट किती चालतं तुला?"

"भरपूर," मी म्हणाले, आणि पार्किंग कुठे ते पुन्हा एकदा विचारलं.